रोज तासभर चालूनही बाबांच्या पायांत ताकद का उरत नाही?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ राहील. बाबा ६९ वर्षांचे, वजन ६२ किलो, बँकेतून निवृत्त. रोज पहाटे तासभर फिरतात, आवळ्याचा रस घेतात, रात्री लवकर आणि हलकं जेवतात. साखर आणि रक्तदाब गोळ्यांवर आटोक्यात आहे. तरी दोन वर्षांत ते एकदम थकलेले दिसू लागलेत. सोफ्यावरून उठताना हातांनी रेटावं लागतं, जिना उतरताना कठडा सुटत नाही, पँट ढिली झाली आहे आणि मागच्या महिन्यात बाथरूमच्या दारात तोल गेला. तुम्ही विचारलंय की ते तरुण राहावेत म्हणून त्यांना आणखी कोणती सवय लावावी, आणि जाहिरातीतली कोलेजनची पावडर सुरू करावी का.

मी पुण्यात फिजिओथेरपी करते. माझे बहुतेक रुग्ण साठी ओलांडलेले आहेत आणि बऱ्याच जणांकडे मी घरी जाते. बाबांना मी तपासलेलं नाही, त्यामुळे खालच्या काही गोष्टी त्यांचे गुडघे, हृदय, मूत्रपिंडं आणि औषधं यांवर ठरतील. कुठे काय ठरेल ते त्या त्या ठिकाणी सांगते.

तुम्ही विचारलंय तरुण राहण्याबद्दल, पण तुम्ही लिहिलेल्या चारही खुणा एकाच जागी बोट ठेवतात. खुर्चीतून उठणं, जिना उतरणं, तोल जाता जाता पाऊल टाकून सावरणं, ही सगळी कामं मांड्या, कुल्ले आणि पोटऱ्या यांच्या स्नायूंची. पँट कमरेत आणि मांडीत ढिली होणं हीसुद्धा बऱ्याचदा त्याच स्नायूंची झीज असते. तिशीनंतर दर दहा वर्षांना साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. ताकद त्याहून लवकर उतरते, आणि सगळ्यात आधी जाते ती झटकन लावायची ताकद, जी ठेच लागल्यावर उपयोगी पडते. या झिजेला सार्कोपेनिया हे नाव १९८९ साली अर्विन रोझेनबर्ग या अमेरिकन संशोधकांनी दिलं. म्हणजे वैद्यकशास्त्रातही हा विषय तसा नवा आहे. घरोघरी अजून 'वय झालं, चालायचंच' असं म्हणून तो सोडून दिला जातो, आणि मला सगळ्यात जास्त वाईट याचंच वाटतं, कारण ही झीज बऱ्याच प्रमाणात भरून काढता येते.

मग रोजचं फिरणं वाया गेलं का? अजिबात नाही, ते बंद करू नका. हृदय, साखर, झोप, मन, सगळ्यांसाठी ते चांगलं आहे. फक्त सपाट रस्त्यावर सवयीच्या वेगाने चालताना मांडीला तिच्या ताकदीचा थोडाच भाग लावावा लागतो. स्नायू वाढतो तो त्याला जड जाईल असं काम दिल्यावर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला आहे, तो आपल्याकडे सगळ्यांना पाठ झाला. त्याच मार्गदर्शनात आठवड्यातून किमान दोन दिवस ताकदीचे व्यायाम आणि ६५ च्या पुढच्यांना किमान तीन दिवस तोलाचे आणि ताकदीचे व्यायाम असंही म्हटलंय. तो भाग बागेतल्या कट्ट्यापर्यंत पोचलाच नाही.

सुरुवात मोजण्यापासून करा. भिंतीला पाठ टेकवून जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची ठेवा, चाकं आणि हात नसलेली. प्लास्टिकची नको, ती सरकते. बाबांनी हात छातीवर आडवे घ्यायचे आणि ३० सेकंदांत पूर्ण उभं राहून पुन्हा बसणं किती वेळा जमतं ते तुम्ही मोजायचं. ६५ ते ६९ वयाच्या पुरुषांत १२ पेक्षा कमी आणि स्त्रियांत ११ पेक्षा कमी आकडा आला तर तो सरासरीखाली समजतात. ७० ते ७४ मध्ये हेच आकडे पुरुषांना १२ आणि स्त्रियांना १० आहेत. हात टेकल्याशिवाय उठताच आलं नाही तर नियमाप्रमाणे शून्य लिहायचं. शून्य आलं म्हणून त्यांना खट्टू होऊ देऊ नका, इथून पुढे हा आकडा वाढवायचाच आहे. कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकटीत लिहून ठेवा. सोबत शिंप्याची टेप घेऊन पोटरीचा सगळ्यात जाड भाग मोजा. सार्कोपेनियावर काम करणाऱ्या आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ साली पुरुषांसाठी ३४ सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ३३ सेंटिमीटर ही मर्यादा धरली आहे. घेर त्याहून कमी असेल तर स्नायू झिजल्याचा संशय घ्यायचा.

व्यायामाआधी डॉक्टरांकडे नेण्याची तीन कारणं मात्र तुमच्याच पत्रात आहेत.

पहिलं, वजन. मुद्दाम कमी न करता सहा महिने ते वर्षभरात वजन पाच टक्क्यांहून जास्त उतरलं असेल, म्हणजे बाबांच्या बाबतीत तीनेक किलो, तर त्याचं कारण शोधावं लागतं. साखर हाताबाहेर जाणं, थायरॉइड, क्षयरोग, कर्करोग, मनाची उदासी, किंवा दात दुखत असल्याने नीट चावता न येणं, यातलं काहीही असू शकतं. ते बघितल्याशिवाय सगळं स्नायूंवर ढकलू नये.

दुसरं, तोल कधी गेला ते. रात्री अंथरुणातून उठून लघवीला जाताना गेला असेल तर मला आधी रक्तदाबाची शंका येईल. घरी यंत्र असेल तर बाबांना पाच मिनिटं आडवं पडू द्या, दाब मोजा, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने खाली आला तर डॉक्टरांना तो कागद दाखवा. रक्तदाबाच्या गोळ्या, प्रोस्टेटसाठीची काही औषधं आणि झोपेच्या गोळ्या यांनी उभं राहिल्यावर गरगरतं. गोळी स्वतःहून बंद करू नका. गोळ्या घेण्याची वेळ किंवा मात्रा बदलून पुष्कळदा भागतं, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. तोवर बाबांनी उठल्यावर मिनिटभर पलंगाच्या कडेला बसायचं, पावलं दहा-बारा वेळा वरखाली करायची आणि मगच उभं राहायचं.

तिसरं, साखरेची औषधं. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर शरीरात बी-१२ कमी पडू शकतं, आणि शाकाहारी माणसात ते आधीच कमी असतं. बी-१२ कमी झालं की तळपायाला जमीन नीट कळत नाही आणि तोल बिघडतो. रक्ताच्या एका तपासणीत हे समजतं. त्याच वेळी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं कसं काम करतात ते दाखवणारी रक्ततपासणी, तीही करून घ्या, जेवणाच्या भागात ती लागणार आहे.

या तिन्हींत काही निघालं नाही, आणि छातीत दुखणं किंवा थोड्याशा श्रमाने धाप लागणं असलं काही नसेल, तर व्यायाम सुरू करा. मी बहुतेकांना एकाच व्यायामापासून सुरुवात करून देते, खुर्चीतून उठणं-बसणं. तो नीट कसा करायचा ते सविस्तर सांगते, कारण नव्वद टक्के फरक तिथेच पडतो.

मघाचीच खुर्ची घ्या. हाताशिवाय उठता येत नसेल तर बसायच्या जागी चादरीच्या दोन-तीन घड्या ठेवून उंची वाढवा. बाबांनी सरकून खुर्चीच्या पुढच्या अर्ध्या भागावर यायचं. पावलं खांद्यांइतक्या अंतरावर आणि गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यायची. बहुतेक मंडळी पाय पुढे पसरून उठायला जातात आणि तिथेच अडतात. आता कमरेतून पुढे वाकायचं, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत, आणि टाचांनी जमीन दाबत उभं राहायचं. गुडघे आत एकमेकांकडे झुकू द्यायचे नाहीत. वर आल्यावर कुल्ले आवळून सरळ उभं राहायचं. बसताना मोठ्याने 'एक, दोन, तीन, चार' म्हणत हळू खाली यायचं. या सावकाश खाली येण्यातच जिना उतरण्याची ताकद तयार होते, आणि मोठ्याने मोजल्यामुळे श्वास कोंडला जात नाही. रक्तदाब असलेल्यांनी श्वास रोखून जोर लावायचा नसतो. असं आठ ते दहा वेळा, मग दोन मिनिटं विश्रांती, आणि पुन्हा एकदा. एक दिवस आड.

शेवटच्या दोन वेळा कठीण जायला हव्यात. बारा वेळा आरामात व्हायला लागलं की चादरीची एक घडी काढा. सगळ्या घड्या संपल्या की छातीशी दोन किलो तांदळाची पिशवी धरा. काम जड करत गेलं नाही तर महिन्याभरात प्रगती थांबते. घरी करणाऱ्यांचं हेच राहून जातं, वर्षभर तेच दहा आणि तेच दोन. दुसऱ्या दिवशी मांड्या थोड्या भरून आल्या तर चालेल. सांध्यात टोचल्यासारखं दुखलं किंवा गुडघा सुजला तर खुर्ची उंच करा आणि संख्या कमी करा. गुडघ्याची झीज असलेल्यांनाही हा व्यायाम देतात, उलट तो उपचाराचाच भाग आहे, फक्त उंची आणि वजन हळू बदलायचं.

बाकीचे दोन ओट्यापाशी होतात. चहा उकळेपर्यंत ओट्याला हलका हात लावून टाचा उचलायच्या, सावकाश, पंधरा वेळा. मग एका पायावर दहा सेकंद, दुसऱ्यावर दहा. आधी पूर्ण तळवा टेकवून, मग दोन बोटं, मग हात नुसता ओट्यावर अधांतरी. जमायला लागलं की भिंतीच्या कडेने फरशीच्या रेघेवर टाच बोटांना लावत चालायचं. तोलाचे व्यायाम रोज केले तरी चालतात, पण पहिल्या काही दिवसांत शेजारी कुणीतरी उभं हवं.

या वयात खरंच फरक पडतो का, ही शंका तुम्हाला येईल. १९९० साली मारिया फियातारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोस्टनमधल्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या माणसांना आठ आठवडे मांडीचे वजनाचे व्यायाम दिले. त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. माणसं मोजकीच होती, पण पुढच्या कितीतरी अभ्यासांत हीच दिशा दिसली. बाबा त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी तरुण आहेत.

आता एक गोष्ट जी तुम्ही सहज, कौतुकाने लिहिली आहे: 'आम्ही त्यांना काही उचलू देत नाही, सगळं हातात देतो.' यावर मला थांबून बोलायचंय.

माझ्याकडच्या एका काकू चौऱ्याहत्तरीच्या होत्या. घरात एकदा पडल्या. हाड मोडलं नाही, पण घरचे घाबरले आणि त्या दिवसापासून 'आई, तुम्ही बसा' सुरू झालं. पाण्याचा तांब्या सून आणून द्यायची, तुळशीला पाणी नातू घालायचा, पूजेसाठी खुर्ची आली. सगळं प्रेमापोटीच. मी पहिल्यांदा गेले तेव्हा काकूंना पलंगावरून उठायला दोन माणसं लागत होती. आम्ही व्यायाम सुरू केले, पण त्याबरोबर मी घरच्यांकडून एकेक काम परत मागून घेतलं. आधी ओट्यापाशी उभं राहून देवाची भांडी घासणं. मग अर्धा भरलेला तांब्या घेऊन उंबरा ओलांडून तुळशीपर्यंत जाणं, सून मागे उभी. मग पूर्ण भरलेला तांब्या. कपाटाच्या खालच्या कप्प्यातून घड्या काढून वरच्यात ठेवणं. काही महिन्यांनी त्या जिना उतरून खाली मैत्रिणींत जाऊन बसायला लागल्या, आणि चेहऱ्यावर जो उजाळा आला तो कुठल्या रसाने आला नसता.

आपल्या आधीच्या पिढीला हा व्यायाम न मागता मिळत होता. पाटावर जेवण, भारतीय पद्धतीचा संडास, खाली बसून भाजी निवडणं, दिवसातून दहा वेळा जमिनीवरून उठणं. आता जेवण टेबलावर, कमोड आणि लिफ्ट. गुडघे झिजलेल्या माणसाला मी पाटावर बसवणार नाही, कमोडही काढायला सांगणार नाही. पण गेलेल्या त्या उठाबशा दुसरीकडून आणाव्या लागतील. बाबांना भाजीची पिशवी उचलू द्या, दोन्ही हातांत वाटून. एक मजला जिना चढू द्या, कठडा धरून. आणि जमिनीवरून उठण्याचा सराव द्या: कुशीवर वळायचं, गुडघ्या-हातांवर यायचं, खुर्चीवर दोन्ही हात ठेवायचे, एक पाऊल पुढे रोवायचं आणि उठायचं. पडल्यावर इजा न होताही कितीतरी जणांना उठता येत नाही म्हणून तासन् तास जमिनीवर राहावं लागतं. सराव असला की ती भीती जाते. ज्यांना गुडघे टेकवतच नाहीत त्यांनी हा भाग फिजिओथेरपिस्टकडून शिकावा.

जेवणाकडे येते. तुम्ही लिहिलेला दिवस मी जोडून पाहिला: चहा-बिस्किटं, पोहे, दुपारी दोन पोळ्या, भाजी, पातळ वरण, भात, संध्याकाळी चहा, रात्री मऊ खिचडी. यातून प्रथिनं मिळतात पस्तीस-चाळीस ग्रॅम. वय वाढल्यावर तज्ज्ञ वजनाच्या प्रत्येक किलोमागे १ ते १.२ ग्रॅम सांगतात, म्हणजे बाबांना ६२ ते ७५ ग्रॅम हवीत. वाढत्या वयात स्नायूला एका वेळी थोडं जास्त प्रथिन मिळालं तरच तो ते नीट वापरतो, म्हणून ते तिन्ही वेळच्या जेवणांत वाटून घ्यावं. 'रात्री हलकं' ठेवा, पण रिकामं नको. घट्ट मटकीच्या उसळीच्या वाटीत सात-आठ ग्रॅम, एका अंड्यात सहा, १०० ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, पेलाभर दुधात सहा-सात, मूठभर शेंगदाण्यांत सात, १०० ग्रॅम बांगड्यात किंवा चिकनमध्ये वीसेक. म्हणजे पोह्यांबरोबर अंडी किंवा पेलाभर दूध, दुपारी पातळ वरणाऐवजी घट्ट आमटी आणि वाटीभर दही, रात्री खिचडीत मूग दुप्पट आणि सोबत पनीर. एवढ्याने आकडा साठीच्या पुढे जातो. इथे क्रिएटिनिनचा संबंध येतो. मधुमेहाने मूत्रपिंडावर परिणाम झाला असेल तर प्रथिनं किती घ्यायची ते डॉक्टरच सांगतील.

कोलेजनचं उत्तर यातच आहे. कोलेजन हेही प्रथिनच, पण प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात त्यांपैकी स्नायू बांधायला लागणारं ल्युसिन त्यात कमी असतं आणि ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल तर नसतंच. बाबांच्या तक्रारीसाठी मी ते सुचवणार नाही, तेवढ्या पैशांत महिनाभराचं पनीर किंवा अंडी येतात. आवळ्याचा रस आवडत असेल तर घेऊ द्या, त्यात साखर घातलेली नाही ना ते बाटलीवर बघा.

झोप सात-आठ तास, दात, डोळ्यांचा नंबर आणि मोतीबिंदू, यांबद्दल तुम्हाला माहीतच असेल. कानांकडे मात्र बहुतेक घरांत दुर्लक्ष होतं. स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत कमी ऐकू येणं हे मोठं कारण धरलं जातं, आणि ज्याला नीट ऐकू येत नाही तो माणूस हळूहळू कट्ट्यावर जाणंही सोडतो. टीव्हीचा आवाज वाढत चालला असेल तर तपासणी करून घ्या.

आजारपणात जास्त जपावं लागतं. २००७ साली अमेरिकेत साठी-सत्तरीतल्या निरोगी माणसांना दहा दिवस अंथरुणावर ठेवून पाहिलं, तर त्यांच्या पायांतून सुमारे किलोभर स्नायू गेला. डेंग्यू, चिकनगुन्या किंवा शस्त्रक्रिया झाली की आपण 'पूर्ण विश्रांती' म्हणतो. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर ताप उतरताच खुर्चीत बसवणं, घरातल्या घरात चालवणं आणि पलंगावरच पावलं हलवणं सुरू करा.

या आठवड्याचा क्रम असा ठेवा: बाथरूममध्ये भिंतीत पक्का बसवलेला दांडा, रात्रीचा दिवा आणि न सरकणारं पायपुसणं. मग उभं राहून रक्तदाब, औषधांची यादी आणि रक्ताच्या तपासण्या. मग खुर्चीची चाचणी आणि पहिला व्यायाम. बाबा जिमला जाणार नाहीत असं तुम्ही लिहिलंय, तर गरजही नाही. फिरून आल्यावर आणि चहाच्या आधी, एवढी वेळ ठरवून टाका. नवी वेळ शोधायला गेलं की राहून जातं.

चाचणी दर दोन आठवड्यांनी करा. सुरुवातीला आकडा वाढतो तो मेंदू आणि स्नायू यांचा मेळ सुधारल्याने, प्रत्यक्ष स्नायू भरायला दोन-तीन महिने लागतात. आठ आठवडे नियमित करून आणि जेवण सुधारूनही आकडा जागचा हलला नाही, तर फक्त व्यायाम वाढवू नका. चालताना एक हात झुलत नाही, पावलं घासतात, अक्षर बारीक होत चाललंय, किंवा एकाच पायात अशक्तपणा किंवा बधिरपणा आहे, यातलं काही दिसलं तर मज्जाविकारतज्ज्ञांकडे न्या आणि तारखा लिहिलेलं ते कॅलेंडर सोबत घेऊन जा.